हरित इमारतींसाठी केंद्राचे धोरण अधिक परिणामकारक आहे की स्थानिक संस्थांचे?

हा प्रश्न दर दिवाळीला आमच्या घरी निघतो. माझे मेहुणे वास्तुविशारद आहेत आणि नियम करावेत ते दिल्लीने, गल्लीत ते फक्त मोडले जातात, असे त्यांचे ठाम मत आहे. माझे मत उलट आहे. बांधकाम परवानगी आणि मालमत्ता कराचे बिल या दोनच गोष्टींना इमारत घाबरते, आणि त्या दोन्ही दिल्लीच्या हातात नाहीत.

केंद्राने २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा केला, २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ईसीबीसी (ऊर्जा संवर्धन इमारत संहिता) आणली, २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली. परंतु राज्याने त्या अधिसूचित करून परवानगीच्या प्रक्रियेत बसवल्याशिवाय आपल्या भिंतीच्या विटेलाही त्यांचा पत्ता लागत नाही. याउलट महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत हरित मानांकनाच्या (पर्यावरणपूरक इमारतीला मिळणाऱ्या ताऱ्यांच्या) दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम, मिळतो, म्हणून बिल्डर स्वतःहून मानांकनामागे धावतो.

पुण्यातील आमच्या छत्तीस सदनिकांच्या सोसायटीला सौर बंब आणि पर्जन्यजल संधारण या दोन्हींमुळे सर्वसाधारण करात १० टक्के सवलत मिळत होती. मी सचिव झालो त्या पावसाळ्यात शोषखड्ड्याचे झाकण उचलून पाहिले, तर आत रंगाचे रिकामे डबे होते आणि तळ कोरडा ठणठणीत. प्लंबरला गच्चीवर पाठवले आणि गणपतीतला उरलेला गुलाल दोन बादल्या पाण्यात कालवून पन्हाळीत ओतायला सांगितला. मी खड्ड्यापाशी उभा राहिलो. गुलाबी पाणी मात्र फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या गटारात निघाले. बिल्डरने पाइप खड्ड्यापर्यंत आणलाच नव्हता, आणि आम्ही सहा वर्षे सवलत घेत होतो.

सर्वसाधारण सभेत ‘कशाला उगाच खाजवून खरूज काढता’ असे मला ऐकवले गेले. तरी पाइप फिरवला, गाळणी बसवली, खडी बदलली. खर्च साडेअकरा हजार. पुढच्या उन्हाळ्यात टँकर बंद झाले असे म्हणणार नाही, पण बोअर महिनाभर जास्त चालली. नंतर पालिकेचे कर्मचारी तपासणीला आले तेव्हा झाकण मीच उघडून दाखवले. मेहुण्यांना मी तेव्हाही हेच म्हणालो की झाकण उघडायला सांगणारा माणूस दिल्लीहून येणार नाही.

अर्थात, भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा घालणे हे इको निवास संहितेचे काम कोणत्याही महापालिकेला एकटीने जमले नसते, हे मान्य करावे लागेल. शिवाय मी अभियंता नाही, निवृत्त बँक कर्मचारी आहे, आणि छोट्या नगरपालिकांकडे तपासणीला माणूसच नसतो. आपण घर घेण्याच्या विचारात असाल, तर माहितीपत्रकातील तारे मोजण्याऐवजी गच्चीची किल्ली मागा आणि सोबत मूठभर गुलाल न्या.

मेहुण्यांच्या इमारतीच्या दर्शनी भागात पंचतारांकित मानांकनाची पितळी पाटी आहे. गेल्या दोन दिवाळ्यांत मी त्यांच्याकडे गच्चीची किल्ली मागितली. ती वॉचमनकडे आहे, असे दोन्ही वेळा सांगण्यात आले.