पॉलिमरमध्ये पीएचडी, पण नुसती केमिस्ट्री नको

प्रश्न: एमएस्सी केमिस्ट्री झालंय, पॉलिमरमध्ये पीएचडी करायचीय पण बायोलॉजीशी जोडलेली. पुण्यातच जमेल का?

उत्तर: जमेल की! पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पॉलिमरचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याच आवारात बायोकेमिस्ट्रीवालेही बसतात, डिग्री मिळते एसीएसआयआरची (अशा सरकारी प्रयोगशाळांमधल्या पीएचडीला डिग्री देणारी अकादमी), त्यात कोर्सवर्क असतं आणि वर गावपातळीवरचा सामाजिक प्रोजेक्टपण करावा लागतो (लोक कंटाळतात, मला तो आवडतो). आधी नेट-जेआरएफ (संशोधनाच्या फेलोशिपसाठीची देशपातळीवरची परीक्षा) काढा, फेलोशिप महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं वेगळं. मुंबईत माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आहेच. पण नावापेक्षा गाइड बघा, त्यांच्या अलीकडच्या पेपर्सवर दुसऱ्या विभागाची नावं नसतील तर तुमची बायोलॉजी अर्जातच राहील.