सांभाळणारी मुलगी ‘बदलली’ म्हणजे नक्की काय झालं?

“मॅडम, ती पूर्वीसारखी राहिली नाही हो. लक्षच नसतं तिचं.”

बाळ सांभाळणाऱ्या मुलीबद्दलची ही तक्रार समुपदेशक म्हणून इतक्या घरांतून माझ्याकडे आली आहे, की पुढची वाक्यं मला पाठ झाली आहेत. सारखी फोनमध्ये असते. एकटीच हसते. कुणाच्या प्रेमात तर पडली नसेल? मग आवाज जरा खाली येतो आणि खरी भीती बाहेर पडते. सोडून गेली तर? बाळाला तिचीच सवय आहे.

या काळजीचं उत्तर मला 2022च्या पावसाळ्यात एका मुलीनेच दिलं. दोघींना विचारून लिहितेय, नावं आणि काही खुणा बदलल्या आहेत.

मधुरा आणि तिचा नवरा हिंजवडीत नोकरीला. घर बाणेरला, चौदाव्या मजल्यावर. दोन वर्षांचा मुलगा, आणि त्याला सांभाळायला एजन्सीकडून आलेली, घरातच राहणारी बावीस वर्षांची सोनी. जूनच्या शेवटी मधुरा आली तेव्हा यादीच घेऊन आली होती. वरण करपलं. बाळ झोपलं की बातम्या लावून बसते. “बातम्या, मॅडम! या वयात?” शिवाय बाळ जेवताना ‘दाका, दाका’ करतं आणि त्याला काय हवंय ते आईलाच कळत नाही.

मी माझ्या वहीत काय लिहिलं? ‘मोबाइल. संबंध?’ बातम्या आणि दाका हे दोन शब्द समोर पडले होते, मी ते उचलले नाहीत. पंचवीस वर्षं ऐकण्याचंच काम करूनही असं होतं.

सोनीशी मी एकटीशी बोलणार, आणि तिने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय कुणाला कळणार नाही, या अटीवर तिला पाठवायला सांगितलं. पगार देणाऱ्याने पाठवलेलं माणूस खुर्चीत बसतं ते झडती द्यायला आल्यासारखं. तीही तशीच बसली. पहिली भेट “सब ठीक है”वर संपली. दुसऱ्या भेटीत मी शहाणपणा सोडला आणि साधं विचारलं, “गाव कुठलं तुझं?”

“टाटानगरजवळ.”

“जवळ म्हणजे? गावाला नाव असेल ना?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “रायरंगपूर. टीव्हीवर दाखवतात ते.”

मग मात्र ती थांबेना. पुण्यात येऊन दीड वर्ष झालं होतं, पण गावाचं नाव तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ‘वो कहाँ है?’ याचं उत्तर देऊन देऊन कंटाळली आणि टाटानगरवर आली. पुण्याची आझाद हिंद एक्सप्रेस जमशेदपूरच्या त्या स्टेशनावरूनच पकडायची, म्हणजे अगदी खोटंही नव्हतं. रायरंगपूर ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात. 21 जूनच्या रात्री तिथल्याच द्रौपदी मुर्मू यांची राष्ट्रपतीपदासाठी उमेदवारी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी त्या रायरंगपूरच्या शिवमंदिरात झाडू मारताना टीव्हीवर दिसल्या, तेव्हा सोनी बाळाला भरवत होती.

“ते देऊळ मी पाहिलंय,” ती म्हणाली. “आणि त्या आमच्यातल्या. संथाळ आदिवासी.”

आता त्याच दिवसांत मराठी घरांतल्या टीव्हीवर काय चाललं होतं ते आठवा. सुरत, मग गुवाहाटी, हॉटेल, आमदारांची मोजणी. माझ्याही घरी दुसरं काही लागत नव्हतं. त्या घरात रायरंगपूरसाठी चॅनल बदलणारी एकटी तीच. तिला वेळ मिळायचा तो बाळाच्या दुपारच्या झोपेचा, आणि वरण करपलं तेही तेव्हाच.

पुणं तिला आवडत नव्हतं असं अजिबात नाही, हे सांगायला हवं, कारण आपल्याला लगेच कणव यायला लागते. लिफ्ट आवडायची, स्वतःचा पगार आवडायचा. महिन्यातले दोन रविवार सुट्टी, तेव्हा मैत्रिणीबरोबर लक्ष्मी रोडला भटकणं. संध्याकाळी पाचला सोसायटीच्या बागेत बाकी सांभाळणाऱ्या मुली भेटत, कुणी आसामची, कुणी नेपाळची. नदी मात्र आवडली नव्हती. “काळी आहे तुमची.”

तिसऱ्या भेटीत तिने माझीच शिकवणी घेतली. राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य 175, ओडिशातल्या आमदाराचं 149, झारखंडचं 176. का? 1971च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या, भागिले आमदार, भागिले हजार. खासदाराचं मत 700चं. बोटांवर मोजत होती. मला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं आणि मी तसं कबूल केलं.

मग ती मधुराच्या नवऱ्याबद्दल हळूच म्हणाली, “भैया हसले. म्हणाले, ते पद नुसतं सह्यांचं. त्या जिंकल्या तर तुला काय मिळणार? आणि तू काय मत देणार आहेस?”

“मग तू काय म्हणालीस?”

“काही नाही. पण मत तर भैयांनाही नाही ना? खासदार-आमदार मिळून 4,809 जणांनाच आहे.”

मी मोठ्याने हसले, तीही हसली. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, “हे त्यांना का नाही सांगितलंस?”

बराच वेळ ती ओढणीचं टोक दुमडत राहिली. मी गप्प राहिले. (गप्प राहणं हे मला जमतं, एवढं म्हणू द्या.) मग म्हणाली, “तिथे मी सोनी आहे. सोनीला हे कसं माहीत असेल?”

तिचं नाव सोमबारी. आधारकार्डावर होतं, त्याची झेरॉक्स घरातच होती, पोलीस पडताळणीही त्याच नावाने झाली होती. हाक मारायला लांब पडतं म्हणून पहिल्याच दिवशी सोनी झालं.

मी मानसशास्त्रज्ञ अॅडलरला मानणारी. माणसाला आपण कुठेतरी ‘आपले’ आहोत हे जाणवावं लागतं, एवढं त्याचं म्हणणं मी धरून आहे. हल्ली तरुण सहकारी प्रश्नावल्या भरून घेतात, घेवोत. सोमबारीचं लक्ष उडालं नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदा त्या मोठ्या टीव्हीवर तिचं काहीतरी आलं होतं आणि ते दाखवायला घरात कुणी नव्हतं. ती रडली असती तर मधुराने तिला जवळ घेतलं असतं, याची मला खात्री आहे. पण ती खूश होती, आणि खूश असलेल्या माणसाला ‘काय झालं गं?’ असं आपण विचारत नाही. आपण त्याचा फोन तपासतो.

तिच्या संमतीने पुढची भेट दोघींची ठेवली. मधुराने सुरुवातीलाच विचारलं, “दाका म्हणजे काय?”

“भात, दीदी.”

मधुराचे डोळे भरले. कितीतरी दिवस बाळ भात मागत होतं.

अशा घरांना मी आता काय सांगते? वेळ ठरवा. बाळ जागं असताना फोन बाजूला, हा नियम हवाच, पण तो आई-बाबांनाही लागू करा. रोज तासभर तिचा स्वतःचा, त्यात ती काय बघते ते विचारायचं नाही. नाव पूर्ण घ्या. गाव, भाषा, सण विचारा, आणि ते चौकशीसारखं नको, तुम्हाला खरंच ऐकायचं असेल तेव्हाच. तिची भाषा बाळाच्या तोंडी आली तर घाबरू नका, दोन-तीन भाषा मुलं सहज पेलतात. बाळ तिच्याकडे जास्त जातं याचा त्रास होत असेल तर तो त्रास तुमचा आहे, त्याची वसुली करपलेल्या वरणातून करू नका. आणि सगळं करूनही ती एक दिवस जाईल. त्यासाठी बाळाची आणि स्वतःची तयारी आधीपासून करा, तिच्यावर नजर ठेवून ती होत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे शेवटचं पटत नाही.

21 जुलैला मोजणी झाली. मुर्मू 64 टक्के मतमूल्य मिळवून निवडून आल्या. 25 तारखेला, सोमवारी, शपथविधी. मधुराने त्या सकाळी ऑफिसच्या मीटिंग पुढे ढकलल्या आणि दोघी टीव्हीसमोर बसल्या, मध्ये बाळ. नव्या राष्ट्रपतींनी भाषणाची सुरुवात ‘जोहार’ने, म्हणजे संथाळांच्या नमस्काराने, केली. बाळाने तो शब्द ओळखला, दोन्ही हात वर केले आणि दिवसभर कचरा न्यायला आलेल्या मावशींपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना जोहार घातला.

संध्याकाळी मधुराचा फोन आला. हे सगळं सांगून झाल्यावर ती घुटमळली. सोमबारीने जानेवारीत गावी जायला पंधरा दिवस मागितले होते. मकरसाठी. आपल्या संक्रांतीच्याच वेळचा, पण त्यांच्याकडे मोठा सण.

“देऊ ना, मॅडम?”

“तिकीट लवकर काढा,” मी म्हटलं. “आझाद हिंदला वेटिंग असतं.”