वडिलांचा पाय लाल होऊन सुजलाय, डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात, शेजारचे धावरं म्हणतात, काय करू?

दोघंही जवळजवळ एकच सांगायलेत. फक्त मंत्र घालून घेणं नि लेप लावणं आधी बंद करा, डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवा. आम्ही खानापूरकडचे, रोप लावणीत दिवसभर चिखलात, आमच्या आबांना हे परत परत झालंय म्हणून सांगतो.

कातडीवर एरवीपण असणारे स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस असले जंतू एखाद्या चिरेतनं आत शिरून खालच्या थरात पसरतात, मग पाय लाल, गरम, हात लावू देत नाहीत, आबांना तर आधी हुडहुडी भरून ताप आला नि पाय मागनं लाल झाला. घरात दुसऱ्यांना सहसा लागत नाही.

आत्ताच बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ मारा, बाजूला टाइम लिहा. अँटिबायोटिक सुरू झाल्यावरपण पहिले एक-दोन दिवस लाली थोडी सरकते, पण ४८ तासांनी उतार नाही तर परत दाखवा. ताप वाढला, फोड आले, कातडी काळी पडली, दिसतंय त्यापेक्षा दुखणं भयंकर किंवा माणूस बरळायला लागला तर सकाळची वाट न बघता बेळगावला मोठ्या हॉस्पिटलात न्या. शुगर तपासलीय काय? नसली तर ह्याच फेरीत करून घ्या.

आता एक बघा, त्यांच्या पायाची करंगळी नि शेजारचं बोट फाकवा. पांढरी भिजलेली कातडी, मधे लाल चीर, वास? ह्या चिखल्या, बहुतेक इथनंच जंतू आत गेलेत. ही बुरशी असते, तिचं मलम वेगळं, डॉक्टरांनाच विचारा, मेडिकलवाल्याकडनं खाजेचं मिक्स क्रीम आणू नका, त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतंय. रोज रात्री पाय धुऊन प्रत्येक बोटामधनं जुन्या धोतराच्या तुकड्यानं कोरडं करायचं, हे एवढं बारकं काम कुणी करत नाही म्हणूनच दरवर्षी पाय सुजतो (गमबूट घाला म्हणतात, पण ते चिखलात रुतून बसतात).

गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस, कधी १४ पर्यंत, पाय उशांवर छातीपेक्षा उंच. सूज लालीनंतरपण रेंगाळते. जखम भरेपर्यंत चिखलात उतरू देऊ नका, लावणीला पैऱ्यानं (कामाच्या बदल्यात काम) दुसरं कोण मिळतंय का बघा.