युरोपात बिअर-वाईनला रोज किती पैसे धरावेत? आधी गुणाकार थांबवा

प्रश्न असा आहे: नवरा-बायको पहिल्यांदाच युरोपला निघालेत. इटली, स्वित्झर्लंड आणि प्राग, बारा दिवस. संध्याकाळी दोघांनाही एखादी बिअर नाहीतर वाईन लागते. तर रोजचे किती पैसे धरावेत, तिकडे वाईन पाण्यापेक्षा स्वस्त असते हे खरं का, आणि इथून बाटल्या नेल्या तर परवडेल का?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देईल. मधलं ते 'पाण्यापेक्षा स्वस्त' वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. हे वाक्य मी पंधरा-वीस वर्षं माझ्या साडूच्या तोंडून ऐकतोय.

मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षवाला. २००४ साली दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून शेनिन ब्लां ही वाईनची द्राक्षं लावली. तेव्हा वारंच तसं होतं. राज्याचं २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलेलं, नाशकात दर सहा महिन्यांनी नवी वायनरी उभी राहत होती, करार करायला लोक बांधावर येत होते. साडूभाऊ पुण्याचे, नोकरीवाले. कंपनीनं त्यांना दोनदा युरोपला पाठवलं होतं. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की सुरू: "अरे, तुमच्या नाशिकची सहाशेची बाटली तिकडे दोन युरोला मिळते. पाण्यापेक्षा स्वस्त! तुम्ही लोक नुसते लुटता."

तुम्ही लोक म्हणजे मी. माझी वायनरी नाही, दुकान नाही. ७५० मिलीच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. मला किलोला चाळीस-पंचेचाळीस रुपये मिळतात. म्हणजे त्या बाटलीत माझे पन्नास-पंचावन्न रुपये, बाकी सगळं दुसऱ्यांचं. हा हिशेब मी साडूंना तीन लग्नांत सांगितलाय. २०१० च्या आसपास मंदीत माल उचलायला कुणी तयार नव्हतं. करार केलेल्या वायनरीनं फोन घेणं बंद केलं आणि मी दोनातला एक एकर तोडला. तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते, "मी सांगितलंच होतं, महाग विकाल तर कोण पिणार?" बागेत कुऱ्हाड चालू असताना फोनवर म्हणाले होते. असो.

तर २०१९ चा मे. बाग भावाच्या हवाली केली आणि आम्ही दोघं साडू आणि दोघी बहिणी अशी चौघं ग्रुप टूरनं इटली-स्वित्झर्लंडला गेलो. युरो तेव्हा ऐंशीच्या घरात होता, आता शंभरी ओलांडून बसलाय. व्हेनिसला एक संध्याकाळ मोकळी मिळाली. सेंट मार्कच्या चौकात पोचलो तर बाहेर खुर्च्या मांडलेल्या, छोट्या मंचावर व्हायोलिन-पियानो चाललेलं, पांढऱ्या कोटातले वेटर. साडूभाऊ म्हणाले, "बस. आज तुला दाखवतो वाईन किती स्वस्त असते ते. बिल अर्धं-अर्धं."

दोन बिअर, दोघींना वाईनचे दोन ग्लास, एक पाण्याची बाटली. चांदीसारख्या ताटलीत वेफर्स आणि ऑलिव्ह आले. ते फुकट आहेत हे कळल्यावर साडूभाऊंनी अजून मागवले. मेनूकार्ड कुणी शेवटपर्यंत वाचलं नाही. वाचायला हवं होतं, कारण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की संगीत चालू असताना माणशी सहा युरो वेगळे.

बिल आलं ब्याण्णव युरो. बिअर पंधरा-पंधरा, वाईन पंधरा-पंधरा, पाणी आठ आणि संगीताचे चोवीस. साडूभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वेटरला म्हणाले, धिस सिक्स, फोर टाइम्स, व्हॉट? वेटरनं अतिशय सभ्यपणे मान वळवून व्हायोलिनवाल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "म्युझिका." त्यावर आमच्या मेहुणीबाई म्हणाल्या, "तो आपल्याकडे बघून वाजवत होता तेव्हा तुम्हीच मान डोलवत होतात ना? झाले मान डोलवायचे सहा युरो."

मग गुणाकार. ब्याण्णव गुणिले ऐंशी, सात हजार तीनशे साठ. त्यांचं कार्ड चाललं नाही, माझं दिलं. मशीननं विचारलं, रुपयांत कापू की युरोत? साडूभाऊ म्हणाले, "रुपये दाब, आपल्याला कळतं तरी." दाबलं. घरी आल्यावर स्टेटमेंटमध्ये बघितलं तर मशीनवाल्यांचा भाव बँकेच्या भावाहून बराच वर होता, तीनेकशे रुपये त्यातच गेले. तुम्ही कुठेही असा, मशीननं विचारलं की तिथलंच चलन दाबायचं. एवढी एक गोष्ट या उत्तरातून घेतलीत तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे काचेचं काम बघायला गेले आणि मी गल्लीबोळातून एकटाच हिंडत होतो. एका बोळात उघड्या दारातून ओळखीचा वास आला. वायनरीत टाक्या धुताना येतो ना, तसा आंबूस, गार वास. आत जाऊन बघतो तर भिंतीला लावून टाक्या, प्रत्येकीला खाली नळ, नळाला रबरी नळी, आणि वर पुठ्ठ्यावर पेननं लिहिलेला भाव. फरशी ओली. एक आजीबाई कापडी पिशवीतून दोन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या काढून देत होत्या, म्हातारा दुकानदार नरसाळं लावून त्या भरत होता. आपल्याकडे घाण्यावर किटली घेऊन तेल आणायला जातात तसं. सुट्या वाईनचं दुकान होतं ते, तिकडे त्याला 'स्फुझो' म्हणतात. पांढऱ्या वाईनच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, लिटरला दोन युरो ऐंशी सेंट.

माझ्याजवळ दीड लिटरची रिकामी बाटली होती. ती पुढे केली. चार युरो वीस सेंट. म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. मोबाईलमध्ये माझ्या बागेचा फोटो दाखवला तर त्यानं नळ बंद केला, हात पँटला पुसले आणि फोटो दोन बोटांनी मोठा करून खोड बघत बसला. घड नाही, खोड. शेतकऱ्याच्या घरातला असणार. मी बोटांवर जानेवारी-फेब्रुवारी दाखवलं, द्राक्षं तोडतोय असा हात केला. त्यानं जोरजोरात मान हलवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर सप्टेंबर दाखवला. मी परत जानेवारी. त्याला वाटलं मी महिने चुकतोय. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात आणि माल थंडीच्या अखेरीला निघतो हे खाणाखुणांनी सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

सुटकेसमध्ये इथल्या वायनरीच्या शेनिनच्या दोन बाटल्या होत्या. एक त्याला द्यावी म्हणून धावतपळत हॉटेलवर गेलो आणि परत आलो तर जेवणाच्या सुट्टीसाठी शटर खाली. साडेतीनला उघडणार, आमची बस अडीचची.

रात्री पुढच्या मुक्कामी ती दीड लिटरची बाटली उघडली, हॉटेलच्या बाथरूममधल्या ग्लासांतून चौघांनी प्यायलो. साडूभाऊ दोन घोट घेऊन म्हणाले, "बघ! मी काय म्हणत होतो? पाण्यापेक्षा स्वस्त!"

आणि पंचाईत अशी की ते खरंच होतं. चौकातलं पाणी पाऊण लिटरला आठ युरो, बोळातली वाईन लिटरला दोन ऐंशी. फक्त पाणी एका ठिकाणचं आणि वाईन दुसऱ्या ठिकाणची. हे वाक्य म्हणणारा प्रत्येक जण हेच करतो. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात, फुकट. त्याच्यापेक्षा स्वस्त वाईन कुठली आणणार?

म्हणून माझं स्पष्ट मत: कोणत्या देशात जाताय यापेक्षा कुठल्या खुर्चीत बसताय त्याचे पैसे जास्त लागतात. इटलीत वाईनवर उत्पादन शुल्क शून्य आहे, फक्त २२ टक्के व्हॅट. सुट्या वाईनला बाटली नाही, बूच नाही, लेबल नाही, जाहिरात नाही. आपल्या वाईनवर महाराष्ट्रात अबकारी नावापुरतीच आहे, पण राज्याची हद्द ओलांडली की दर राज्याची वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क. तीच इटलीची बाटली भारतात आणायची तर तेव्हा दीडशे टक्के सीमाशुल्क पडायचं. मग मुंबईच्या हॉटेलात तिचा भाव बघून कुणी इटलीच्या शेतकऱ्याला लुटारू म्हणतं का? २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय घेतला, त्यावर एवढा गदारोळ झाला की तो अमलातच आला नाही. साडूभाऊ तेव्हा विरोधात होते. स्वस्तही पाहिजे आणि किराण्याच्या रांगेत नको, हे कसं जमायचं ते त्यांनाच विचारा.

आता तुमचं. इटलीत जेवताना बाटली किंवा ग्लास मागवू नका, घरची वाईन मागवा, 'व्हिनो देल्ला कासा, मेद्झो लित्रो'. अर्ध्या लिटरचा चंबू येतो, सात-आठ युरोत दोघांचं भागतं. बिलात 'कोपर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ते बसण्याचे असतात, भांडू नका. बारमध्ये काउंटरला उभं राहून प्यायलं की भाव एक आणि टेबलावर बसलं की दुसरा. व्हेनिसमध्ये छोट्या ग्लासातल्या वाईनला 'ओंब्रा' म्हणतात, म्हणजे सावली. उभ्या उभ्या दोन-तीन युरोत मिळते. ती घ्या आणि व्हायोलिन लांबूनच ऐका, ऐकू येतं.

स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलात बसून पिण्याच्या भानगडीत पडू नका. साधी बिअर सहा-सात फ्रँकला जाते. दुकानातून आणा, पण मिग्रोसमध्ये शोधत फिरू नका, तिथे दारू ठेवतच नाहीत. कूपमध्ये मिळते. आमची शेनिनची पहिली बाटली आम्ही ल्युसर्नला तळ्याकाठी बाकावर बसून संपवली, त्या ट्रिपमधली सगळ्यात चांगली संध्याकाळ तीच. दुसरी तशीच परत आली, सोवळ्यात.

प्रागला मी गेलेलो नाही, भाचा तिथे दीड वर्ष होता. तो म्हणतो, साध्या पबमध्ये अर्धा लिटर बिअर साठ-सत्तर कोरुनांना मिळते, जुन्या शहराच्या चौकात शंभराच्या वर. कोरुना चार रुपयांच्या आसपास धरा. आणि तिथे बिअर खरंच हॉटेलातल्या पाण्याच्या बरोबरीनं किंवा खाली असते, एकाच कार्डावर, एकाच खुर्चीत. हे साडूभाऊंना अजून कळलेलं नाही, कृपया कळवू नका.

इटलीत आणि प्रागला दोघांत मिळून रोजचे पंधरा युरो धरा, स्वित्झर्लंडला दुकानातून आणलंत तरी तेवढेच. चौकात एकदा बसायची हौस असेल तर त्याचे वेगळे बाजूला ठेवा आणि त्याला दारूचा खर्च म्हणू नका.

इथून बाटल्या न्यायच्या तर युरोपात माणशी चार लिटर वाईन शुल्काशिवाय नेता येते. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. स्वस्तात पडावी म्हणून नेऊ नका, काही वाचत नाही. कुणाला द्यायची असेल तर न्या, आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचा. येताना भारतात माणशी दोन लिटर. ७५० मिलीच्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर होतात, तिथेच लोक अडकतात.

राहिलेल्या दोन गोष्टी. माझे इटलीचे भाव २०१९ चे आहेत, थोडे वर धरूनच चला. आणि चेकमध्ये गाडी भाड्यानं घेणार असाल तर चालवणाऱ्याला एक घोटही चालत नाही, तिथे मर्यादा शून्य आहे. नॉर्वे-स्वीडनचा विचार असेल तर हे सगळं विसरा. तिथे कडक दारू आणि वाईन सरकारी दुकानातच मिळते आणि रविवारी ते बंद असतं.

साडूभाऊ हे वाचतील, कारण मेहुणीबाई त्यांना पाठवतील. त्या रात्रीचं बिल अर्धं-अर्धं ठरलं होतं. तुमचे सेहेचाळीस युरो अजून बाकी आहेत. आजच्या भावानं गुणाकार तुम्हीच करा.