दुधीचा रस, सहा लिटर पाणी आणि एरंडेल : शरीराच्या सफाईबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की शरीर ‘आतून साफ’ कसं करायचं, असं विचारणारे वाचक वाढतात. हे काम यकृत आणि मूत्रपिंडं जन्मापासून रात्रंदिवस करत असतात. त्यांना मदत करायची तर आधी त्यांच्यावरचा भार हलका करायला हवा. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न : सोनोग्राफीत ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ निघालं. तेव्हापासून रोज अनशापोटी दुधी, पालक आणि कारल्याचा रस घेते. यकृत साफ होईल ना? (गृहिणी, वय 46, सांगली)

ताई, रसानं यकृतातली चरबी निघत नाही. वजन उतरलं की ती उतरते. तुमचं वजन 70 किलो असेल, तर पाच ते सात किलो हळूहळू कमी करा. 7 ते 10 टक्के वजन उतरलं की चरबीबरोबर यकृताची सूजही ओसरायला लागते. घाई मात्र नको. झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात.

रोज अर्धा-पाऊण तास झपझप चाला. दिवसभरातल्या चहांची साखर मोजा, त्याबरोबरची खारी-बिस्किटं बंद करा. एचबीए1सी (तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासून घ्या, कारण फॅटी लिव्हर आणि मधुमेह बहुतेकदा हातात हात घालूनच येतात.

शरीरात तयार होणारा अमोनिया यकृत युरियात बदलतं आणि तो लघवीवाटे जातो. औषधं, दारू, जुने झालेले हार्मोन यांचंही रूप बदलून ते लघवीत किंवा पित्तात सोडलं जातं. या कामाला प्रथिनं लागतात. म्हणून नाश्ता सोडून नुसत्या रसावर राहणं यकृताच्या सोयीचं नाही. उसळ, डाळ, ताक, अंडं यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या.

आता तुमच्या रसाबद्दल, कारण याची मला खरोखर काळजी वाटते. काही दुधी कडू निघतात. त्यांत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं कडू लागणारा रस अजिबात पिऊ नये आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये, असं सांगितलं. तुम्ही त्यात कारलं घालता, म्हणजे दुधी कडू असला तरी जिभेला कळायचा नाही.

दुधी चिरताना देठाकडची एक पातळ चकती जिभेवर ठेवून बघा. कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. शिजवला तरी तो खाऊ नका. असा रस पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब किंवा रक्त पडायला लागलं, तर तडक रुग्णालय गाठा. त्यावर उतारा नाही, पण सलाइन आणि वेळेवर मिळालेले उपचार जीव वाचवतात.

कच्च्या पालकाच्या रसात ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्याला हातभार लावणारं द्रव्य, भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असेल तर तो रोज नकोच. त्यापेक्षा चांगल्या दुधीची चणाडाळ घालून भाजी करा, कारलं वेगळं परता. चोथ्यासकट पोटात गेलेली भाजी जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : लघवी पांढरी होईपर्यंत पाणी प्यायचं, म्हणजे किडनी धुतली जाते, असं जिममध्ये सांगितलं. मी रोज सहा लिटर पितो. (वय 31, पुणे)

तुमची मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतं, बाकीचं शरीर परत घेतं. त्यांना वरून धुवायची गरज नाही. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. थोड्या वेळात ढसाढसा पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं, मळमळतं, डोकं दुखतं, प्रसंगी फिटही येते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच प्यावं. मूत्रपिंडं अधू असतील तर शहाळ्याचं पाणीसुद्धा विचारून घ्यावं, त्यात पोटॅशियम असतं.

अंग दुखतं म्हणून जिमनंतर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असाल, तर ती सवय आधी सोडा. घामानं शरीर कोरडं पडलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात.

प्रश्न : आमच्या घरी महिन्यातून एकदा एरंडेल घेण्याची रीत आहे. मला रक्तदाब आहे. चालू ठेवू का? (निवृत्त शिक्षक, वय 67, रत्नागिरी)

गुरुजी, नका घेऊ. एरंडेलानं आतडी जोरात आकुंचन पावतात, जुलाब होतात आणि पाण्याबरोबर क्षारही जातात. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, तर त्या दिवशी उठताना चक्कर येऊन पडायला वेळ लागायचा नाही, मूत्रपिंडांवरही ताण येतो.

आतड्यात महिनाभराची घाण थर धरून बसते, हा समज आहे. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी आपोआप नवं होत असतं. पोट साफ होत नसेल तर नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालासकट पेरू आणि रोजचं चालणं यांनी फरक पडतो. रात्री इसबगोल घेतला तरी चालेल, पण त्यासोबत पेलाभर पाणी हवंच. शौचाची सवय अलीकडेच बदलली असेल, रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल, तर घरगुती उपाय सोडून तपासणी करून घ्या.

प्रश्न : मी फक्त शनिवारी पितो. रविवारी लिंबूपाणी आणि स्टीम बाथ घेतला की सगळं निघून जातं ना? (वय 38, ठाणे)

हिशेब करून बघा. 30 मिलीच्या एका पेग व्हिस्कीत साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निपटू शकतं. म्हणजे असे सहा पेग झाले, तर सहा ते नऊ तास ते त्याच कामात गुंतलेलं. लिंबानं, कॉफीनं किंवा वाफेनं हा वेग वाढत नाही. घामात बहुतांश पाणी आणि मीठ असतं. उलट रात्री दारूनं कोरड्या पडलेल्या शरीरातून स्टीम बाथ आणखी पाणी काढतो.

डोकं दुखतं म्हणून पॅरासिटामॉलवर पॅरासिटामॉल घेऊ नका. जास्त झालेलं पॅरासिटामॉल थेट यकृताच्या पेशी मारतं, आणि नियमित पिणाऱ्यांना कमी मात्राही बाधू शकते. दारूची सुरक्षित मात्रा मी कुणालाच सांगत नाही. शनिवार सोडता येत नसेल तर तेवढ्यासाठी मोकळेपणानं डॉक्टरांकडे जा, यात लाज बाळगायचं काही कारण नाही.

प्रश्न : करोनापासून आई रोज गुळवेलीचा काढा घेते. नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल? (वय 29, नागपूर)

2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू लक्षात घेतल्या तरी तज्ज्ञाला न विचारता वर्षानुवर्षं रोज काढा घेण्याला मी हो म्हणणार नाही. थायरॉइडचा किंवा दुसरा ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असेल तर अधिकच जपायला हवं. काढा आत्ताच थांबवा आणि एसजीपीटी, बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या करून घ्या. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा जेवणाची वासना गेली, तर त्याच दिवशी आईला डॉक्टरांकडे न्या. जाताना काढ्याची पावडर किंवा वेलीचा तुकडा सोबत असू द्या.