माळ्यावरचा खोका खाली काढलाय, आता पुढं काय?

यावेळी पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त साठीच्या आसपासच्या किंवा पुढच्या वाचकांची आहेत आणि सगळ्यांचा सूर एकच, की मॉडेल रेल्वेचा नाद मधे तीस-चाळीस वर्षं सुटला होता, आता वेळ आहे पण खर्च जपून करायचाय. म्हणून हा सगळा अंक त्यांच्यासाठीच ठेवलाय.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा. कॉलेजात असताना घेतलेला एचओ मापाचा मॉडेल रेल्वेचा सेट माळ्यावर होता, एक इंजिन, चार डबे, मालाच्या सहा वाघिणी, वर्तुळाचे रूळ आणि दोन पॉईंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे). परवा खोका उघडला. इंजिन हलत नाही, रूळ तपकिरी झालेत, रुळांना वीज देणाऱ्या, वेग कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरच्या वायरला भेगा पडल्यात. मुलगा म्हणतो हे सगळं विकून टाका आणि नवीन डिजिटल सेट घ्या. पेन्शनमधून फार काही बाजूला पडत नाही, आणि जागा म्हणाल तर भिंतीवरची एक लांब फळी. काय करू?

उत्तर : विकू नका. निदान इंजिन साफ करून एकदा चालवून बघेपर्यंत तरी अजिबात नको, कारण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ते बिघडलेलं नाही, आखडलेलं आहे, आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यात आधी तो कंट्रोलर. प्लगमध्ये घालूच नका, एकदा बघू म्हणूनसुद्धा नको. रुळांत जेमतेम १२ व्होल्ट जातात, त्यानं काही होत नाही, पण कंट्रोलरच्या अलीकडे घरची लाईट असते आणि भेगा पडलेली वायर म्हणजे उघडी वायर. तुमच्या सगळ्या बजेटमधून एकच गोष्ट नवी घ्यायची असेल तर ती ही घ्या, साधा १२ व्होल्ट डीसीचा चांगला कंट्रोलर. यात काटकसर नाही.

दुसरं, दोन रुळांच्या मधे स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, बारीक धातूचे ठिपके आहेत का बघा. असले तर तो मार्क्लिन या जर्मन कंपनीचा एसी पद्धतीचा सेट आहे आणि त्याला वर सांगितलेला डीसी कंट्रोलर चालणार नाही, त्या पद्धतीचाच लागेल. त्याची चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात, त्यामुळे साध्या दोन रुळांच्या डीसी ट्रॅकवर ठेवलं की थेट शॉर्ट. ठिपके नसतील तर पुढं वाचा.

इंजिन न चालण्याचं कारण दहात नऊ वेळा जुनं ग्रीस असतं. माझं काळं टँक इंजिन मी पंचवीस वर्षांनी उघडलं तेव्हा गिअरच्या दातांमधे जे होतं ते ग्रीस राहिलंच नव्हतं, डिंकासारखं पिवळट तपकिरी काहीतरी घट्ट बसलं होतं, चाक बोटानं फिरवायला गेलो तर जागचं हलेना. लाकडी टूथपिकनं एकेका दातातलं कोरून काढलं, मग कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं (रंगाला लागू द्यायचं नाही, उतरतो). मोटरचा कम्युटेटर (कार्बन ब्रश ज्याला टेकतात तो फिरणारा भाग) तसाच पुसायचा, त्याच्या पट्ट्यांमधल्या फटीत कार्बनची काळी भुकटी साठते ती टूथपिकनं काढायची. कार्बन ब्रश झिजून अगदी स्प्रिंगला टेकले असतील तर बदलायचे. आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळा, जुन्या मोटरचा मॅग्नेट बाहेर काढू नका. जुन्या प्रकारचे मॅग्नेट भोवतीच्या लोखंडातून नुसते बाहेर काढले तरी कमजोर होतात, मग इंजिन चालतं पण ओढत नाही, आणि आपण बाकी सगळीकडे दोष शोधत बसतो.

तेल टाकायचं ते प्लास्टिकला चालणारं, सुईच्या टोकावर राहील एवढंच. जास्त टाकलं की ते कम्युटेटरवर जातं आणि केलेलं सगळं पाण्यात.

आता नऊ व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्या दोन वायरी दोन बाजूच्या चाकांना लावा. माझं इंजिन आधी नुसतं गुणगुणलं, मग चाक पाव फेरा फिरलं आणि थांबलं, परत लावलं तर अर्धा, आणि पाचव्या-सहाव्या वेळेला ते एकसारखं फिरायला लागलं. तो आवाज मी पंचवीस वर्षं ऐकला नव्हता पण लगेच ओळखला. तुमचं हललंच नाही आणि मोटर गरम व्हायला लागली तर वायर लगेच काढा, अजून कुठंतरी अडकलंय.

रूळ. तपकिरी झालेत म्हणताय म्हणजे पितळी असणार, आणि पितळेवर चढणाऱ्या थरातून वीज नीट जात नाही. पॉलिश पेपर मारायचा मोह होतो, मारू नका, बारीक चरे पडतात आणि त्यात घाण आणखी लवकर बसते. कापडाला अल्कोहोल लावून पुसा, आणि फळीवर कायमचे बसवायचे रूळ मात्र निकेल सिल्व्हरचे घ्या, दीड-दोन मीटर आणि दोन पॉईंट, एवढेच. त्यावरचा थर वीज फारशी अडवत नाही त्यामुळे साफसफाई बरीच कमी होते. जुने पितळी रूळ सायडिंगच्या (वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या रुळाच्या) टोकाला गंजलेल्या जुन्या लाईनीसारखे दाखवायला छान दिसतात, टाकू नका.

डिजिटलबद्दल मुलगा म्हणतोय ते चुकीचं नाही. डीसीसीत, म्हणजे या डिजिटल पद्धतीत, प्रत्येक इंजिनात डीकोडर (हुकूम ओळखणारं छोटं सर्किट) असतो म्हणून एकाच रुळावर दोन-तीन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. पण तुमच्याकडे इंजिन एक, फळी एक. एका इंजिनाला साध्या डीसीत काहीही कमी पडत नाही. पुढंमागं वाटलं तर बघा, आणि जुन्या इंजिनात डीकोडर बसवायचा झाला तर आधी मोटर इंजिनाच्या धातूच्या चासीपासून (सांगाड्यापासून) विजेच्या दृष्टीनं पूर्ण वेगळी करावी लागते एवढं लक्षात असू द्या, नाहीतर डीकोडर पहिल्याच फटक्यात जळतो.

प्रश्न : डोळे पूर्वीसारखे नाहीत, हातही जरा थरथरतात. जागा कमी म्हणून एन स्केल घ्यावं असं सगळे सांगतात. बरोबर आहे का?

उत्तर : जागेच्या हिशोबानं बरोबर आहे. एचओ म्हणजे १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर, आणि एन म्हणजे १:१६०, अंतर फक्त ९ मिलिमीटर. एचओचं अगदी लहान वर्तुळसुद्धा ३६ सेंटीमीटर त्रिज्येचं असतं, म्हणजे बोर्ड निदान ८० सेंटीमीटर रुंद हवा, एनमधे त्याच्या बऱ्याच आत भागतं. पण हात थरथरत असतील तर एनची वाघीण रुळावर चढवणं हाच रोजचा वैताग होऊन बसतो, आणि वैताग आला की माणूस लाईट बंद करून उठतो, मग आठवडाभर फिरकत नाही. मी तुमच्या जागी असतो तर वर्तुळ सोडलं असतं आणि एचओच ठेवलं असतं, सरळ फळीवर. लांबलचक गाडी डोंगरातून जाताना बघणं हीच तुमची आवड असेल तर मात्र एनला पर्याय नाही, तेव्हा डोक्याला लावायचं भिंग आणि वाकवता येणारा दिवा आधी घ्या, इंजिन नंतर. आणि कुठलंही स्केल असो, डबे चढवायची ती उतरती प्लास्टिकची पट्टी मिळते ती जरूर घ्या, चाकं आपोआप जागेवर बसतात.

प्रश्न : बोर्डाखाली वायरिंग करायला आता बसवत नाही, गुडघे धरतात.

उत्तर : बसूच नका. बोर्ड हलका करा, प्लायच्या पातळ चौकटीत एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचा फोम, की एकटा माणूस उचलून भिंतीला उभा करू शकेल. मग खुर्चीवर बसून समोरासमोर वायरिंग होतं. डोक्यावर सोल्डरिंग कधीच करायचं नाही, तरुणपणीसुद्धा नको होतं.

प्रश्न : सेकंडहँड घेताना फसायला होतं. काय बघावं?

उत्तर : वाघिणी आणि डबे बिनधास्त सेकंडहँड घ्या, फार तर चाकं बदलावी लागतील, प्लास्टिकची काढून धातूची बसवा, प्लास्टिकची चाकं रुळावर घाण पसरवतात. इंजिनाचं मात्र नीट बघून. हळू चालताना, पुढं आणि मागं, दोन्हीचा व्हिडिओ मागायचा, कारण फुल स्पीडला कुठलंही इंजिन बरं दिसतं. आणि जुनी ओतीव धातूची चासी किंवा बॉडी असेल तर केसासारख्या भेगा, फुगलेली टोकं, आत अडकलेली चाकं शोधा. याला झिंक पेस्ट (pest), म्हणजे जस्ताची कीड, म्हणतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहून गेली की ती धातू वर्षानुवर्षं आतून फुगत आणि तडकत जाते, आणि तिला कुठलाही उपाय नाही, गोंद नाही की सोल्डर नाही. इंजिन कितीही देखणं असलं तरी तिथून मागं फिरायचं.

प्रश्न : माझं वय ५९. लहानपणी दादाचा सेट होता, रूळ जोडायचे, डबे पुसायचे ते काम माझं, पण कंट्रोलर कधी हातात आला नाही. आता स्वतःचं काहीतरी करावंसं वाटतंय. अगदी थोडक्यात आणि थोड्या खर्चात काय होईल, आणि नुसतं पुढं-मागं करून कंटाळा नाही का येणार?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राला मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण याचं उत्तर लिहायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

इंग्लंडमधल्या अॅलन राइट यांनी इंगलनूक सायडिंग्ज नावाचा एक ले-आउट केला होता. दोन पॉईंट, तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, दुसऱ्या दोहोंत तीन-तीन, आणि पुढं जो रूळ राहतो त्यात इंजिन आणि तीन वाघिणी, त्याहून एकही जास्त नाही. वाघिणी एकूण आठ. प्रत्येक वाघिणीच्या नावाचं एकेक कार्ड करायचं, पिसायचं, पाच काढायची, आणि त्याच क्रमानं पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगमधे लावायची. हाताला मनाई, सगळं इंजिनानं. आठातून पाच वाघिणी क्रमानं निवडायचे ६,७२० प्रकार होतात, तेव्हा रोज एक गाडी लावली तरी अठरा वर्षं पुरेल. कंटाळ्याचं म्हणाल तर मी रात्री जेवण झाल्यावर एक डाव म्हणून बसतो आणि तिसरा संपल्यावर घड्याळ बघतो.

एचओमधे छोट्या चारचाकी वाघिणी घेतल्या तर साधारण दीड मीटर लांबी आणि एक वीत-दीड वीत रुंदी लागते. एक लहान इंजिन, पण पॉईंटवर न अडखळणारं. इथं पैसे वाचवू नका, वाघिणी हळूहळू जमवा. पॉईंटच्या मधला भाग प्लास्टिकचा असेल तर आखूड इंजिन तिथं वीज न मिळून थांबतं, म्हणून त्या भागालाही वीज देता येणारे पॉईंट मिळाले तर ते घ्या. वीज नुसत्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर ठेवू नका, प्रत्येक रुळाला खालून वायर. बाकी जमीन, झाडी, इमारती पुठ्ठा, वर्तमानपत्राचा लगदा आणि वाळवलेल्या चहाच्या चोथ्यातून होतात, खडी चिकटवायला पांढरा गोंद पाण्यात पातळ करून त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा म्हणजे तो पसरतो, खडी वाहून जात नाही.

लहान आहे म्हणून वाया जाईल असंही नाही. अमेरिकेतले जॉन अॅलन, ज्यांचा गोरी अँड डिफीटेड (Gorre & Daphetid) हा प्रचंड ले-आउट या छंदातल्या लोकांना आजही तोंडपाठ आहे, त्यांनी आधी एक छोटा ले-आउट केला होता आणि पुढं तो तसाच त्या मोठ्यात बसवला. १९७३ मधे ते गेले आणि काही दिवसांतच आगीत जवळजवळ सगळं जळालं, पण फोटो आहेत, ते बघा.

आणि रूळ तुम्हाला जोडता येतातच, ते काम अर्धं झालेलं आहे. कार्डं आधी करून ठेवा. पहिल्या दिवशी तीनच वाघिणी असल्या तर तीनचीच गाडी लावा, दोन-एक-तीन, मग तीन-दोन-एक, कंट्रोलरचा नॉब अगदी थोडा थोडा फिरवून, वाघीण वाघिणीला लागताना टक असा बारीक आवाज येईल एवढ्याच वेगानं.