आधी बघायला शिक

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

निवड चाचणीत 30 मीटर धावताना मागे पडलास म्हणून कबड्डी सोडतोस? पत्र वाचून रागच आला. मेहनत कर, असं तुला सांगायला नको. ती तू करतोसच. तू बघत नाहीस. आधी बघायला शिक.

बिल डडली तुला माहीत नसेल. अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू, व्हर्जिनियातल्या ब्लूफील्डचा. अंगकाठी बेताची, पळण्यात संथ. गोलासाठी चेंडूला लाथ मारायचा तीही धाव न घेता, जागच्या जागी पाय लंबकासारखा झुलवून. तरी 1942 च्या हंगामासाठी एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत पिट्सबर्ग स्टीलर्स या संघानं सगळ्यांत आधी उचललं ते यालाच. पहिल्याच हंगामात चेंडू घेऊन धावत 696 यार्ड काढले, लीगमध्ये सर्वाधिक. मग युद्ध आलं. ऐन उमेदीची वर्षं लष्कराच्या हवाई दलात गेली. परतल्यावर, 1946 साली, धावण्यात पुन्हा पहिला, पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेनं लांब उडवलेला चेंडू, पकडून परत आणण्यात पहिला आणि समोरच्यांचे पास मध्येच पकडण्यातही पहिला. असे 10 पास त्यानं पकडले. लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्या 10 पासांचा विचार कर. दुसऱ्यासाठी फेकलेला चेंडू संथ पायाच्या माणसाला सापडतो कसा? तो कुठे येणार हे आधीच हेरल्याशिवाय नाही. बघणं म्हणतो ते हे!

तू कोपऱ्यात उभा राहतोस आणि चढाईवाल्याच्या हाताकडे बघतोस. हात फसवतो रे. वळायच्या आधी त्याची कंबर फिरते, मागच्या पायाची टाच उचलते. तेवढ्यात घोटा धरायचा. तिथे तुझे 30 मीटर कोण मोजतंय?

डडलीचं प्रशिक्षक जॉक सदरलंड यांच्याशी जमलं नाही. एवढ्या मोठ्या हंगामानंतर तो पिट्सबर्गहून डेट्रॉइटला गेला. हेकट म्हणा हवं तर. मलाही म्हणतात. पोरांना नुसत्या सेकंदांवर तोला असं सांगणारा संघ मी सोडला. त्यापायी राज्य संघाबरोबर जायचं राहिलं, ते अजून खुपतं. पण मी घडवलेले कोपरारक्षक बघ, त्यांतला एकही वेगवान नव्हता. मी बरोबरच होतो.

शनिवारी सकाळी ये. पहिला अर्धा तास मैदानाबाहेर बसशील. प्रत्येक चढाईवाला कुठे वळणार, ते तो वळायच्या आत मला ओरडून सांगायचं. आणि गुडघ्याला बर्फ लाव, तू लावत नाहीस हे मला कळलंय.

तुझा,
सर